सातव्या शॉटमधली बाई

किळस यायला सुरुवात झाली ती बादलीपासून.

आमच्या चौघांच्या गटाला एका जाहिरातीचं विडंबन करायचं होतं. दोन मिनिटांचं, सत्राच्या शेवटी सगळ्या वर्गासमोर दाखवायचं. आम्ही फरशी पुसायचं औषध निवडलं आणि त्याचं ‘शून्यडाग’ असं नाव ठेवलं. फरशीवर हिरवट, चिकट घाण पसरलेली हवी होती आणि इफेक्ट्सचं काम माझ्याकडे असल्यामुळे ती घाण बनवणंही माझ्याच गळ्यात पडलं. कॉर्नफ्लोअर, केसांचं जेल, कॉफी आणि हिरवा रंग. पहिल्या दिवशी ती दिसायला छान घाणेरडी होती. तिसऱ्या दिवशी खरोखरच घाणेरडी झाली. झाकण काढलं तर वर बुडबुडे धरलेले, आणि वास असा की मी झाकण परत दाबून बसवलं.

आमचा दिग्दर्शक, ज्याला आम्ही साहेब म्हणायचो, त्याने नाक दाबून ती बादली उचलली आणि जिन्याजवळच्या बेसिनमध्ये सगळी उपडी केली. बेसिन तुंबलं. बादली तिथेच टाकून तो हात धुवायला दुसऱ्या मजल्यावर गेला. मी म्हटलं, हे कोण काढणार? तर म्हणाला, मावशी आहेत ना. त्यांचं कामच आहे.

बादली मावशींचीच होती, न विचारता आणलेली. आणि मावशी म्हणजे कॉलेजात झाडलोट करणारी, निळा एप्रन घालणारी बाई माझी सख्खी आत्या होती. हे कॉलेजात कुणालाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मला इथे प्रवेश मिळाला आणि मी आत्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिने नियम घालून दिला होता. कॉलेजात मला ओळखायचं नाही, मीही तुला ओळखणार नाही, पोरं उगाच बोलतात. मी निदान खोटं खोटं तरी नको नको म्हणायला हवं होतं. मी लगेच बरं म्हटलं. मनातून मला हायसं वाटलं होतं, आणि आत्याला ते दिसलं नसेल असं मला अजूनही स्वतःला पटवता येत नाही. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही एकाच घरातून निघायचो. कोपऱ्यावर ती पुढे व्हायची, मी दहा मिनिटं दुकानाच्या काचेत बघत उभी राहायची.

तर, जाहिरात. नियोजनाला आम्ही चौघं रिकाम्या वर्गात बसलो होतो. साहेब, मी, कॅमेरावाला आणि नटी. कॅमेरावाला स्टँड सोडून हलायचा नाही म्हणून त्याचं नाव तिपाई. नटीला आम्ही महाराणी म्हणायचो आणि तिला ते आवडायचं. गोष्ट साधी होती. घरची मालकीण शून्यडाग फवारते, डाग नाहीसा होतो. मग माशी. मग नुसती बडबड करत बसलेली सासू. शेवटी फरशी पुसायला आलेली बाईच नाहीशी होते, मालकीण हसते आणि अक्षरं येतात, ‘एक फवारा, आणि घर फक्त तुमचं.’

साहेबाचं म्हणणं, हा समाजावरचा टोला आहे. आपण बाईला हसत नाही, असल्या मालकिणींना हसतोय. मला ते तेव्हा पटलं. खरं सांगायचं तर आवडलंसुद्धा.

मी प्रत्येक शॉटचा तक्ता केला. कुठला इफेक्ट, कसा करायचा, किती अवघड. डाग, मध्यम. माशी, अवघड, कारण माशी हलते. सातवा शॉट, बाई नाहीशी होते. त्यासाठी कॅमेरा उंचावर घट्ट बांधायचा, म्हणजे फ्रेमभर फरशी दिसेल. आधी मालकीण आणि बाई, दोघींना घेऊन शॉट घ्यायचा. मग दोघींना बाहेर काढून तीच फ्रेम रिकामी चित्रित करायची, उजेड तोच, वस्तू त्याच जागी. पुढे कॉम्प्युटरवर बाईच्या आकाराइतका भाग कापायचा आणि तिथे रिकाम्या फ्रेममधली फरशी बसवायची. मालकीण हसत उभी राहते, बाई गेलेली असते. त्या ओळीपुढे मी लिहिलं, सोपं.

सासूचं काम साहेबाची आई करणार होती. दुसऱ्या दिवशी त्याने तो शॉटच काढून टाकला. आईला असं पुसून टाकलेलं दाखवलं तर तिला वाईट वाटेल, म्हणाला. मग बाईचं काम कोण करणार हा प्रश्न निघाला. महाराणीची एक मैत्रीण तयार होती, पण साहेब म्हणाला, नाटकी वाटेल, आपल्याकडे खऱ्या मावशी असताना उगाच कशाला. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुझी आई ती आई, आणि ही काय फरशीवरचा डाग? हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने मी म्हटलं, चालेल.

आत्याने मला संध्याकाळी घरी सांगितलं, भाजी चिरता चिरता, जणू काही विशेष नाही अशा आवाजात. पण चिरायचा वेग वाढला होता. तुमच्या त्या मुलाने मला सिनेमात घेतलंय, म्हणाली. मी म्हटलं, माहितीये, माझ्याच गटात आहे तो.

“मी करायचं काय पण?”

“काही नाही. फरशी पुसता पुसता थांबायचं आणि वर बघायचं.”

“मी दिसेन ना नीट?”

“दिसशील.”

त्या दिवशी तिने एप्रन धुतला आणि रविवारी इस्त्री केली. खिशाची शिवण उसवली होती, ती घातली. मी समोर बसून जेवत होते आणि मला माझ्याच तोंडाची घाण वाटत होती.

चित्रीकरण सरावाच्या खोलीत, दुपारी. तिपाईने कॅमेरा वर बांधला. मी नवी घाण बनवून फरशीवर ओतली, ताजी असूनही तिला त्या पहिल्या बादलीचा वास येतोय असं मला वाटत होतं. आत्या वेळेआधीच आली. माझ्याकडे तिने अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं, इतकं चोख की महाराणीने तिच्याकडून धडे घ्यावेत. सातवा शॉट दुसऱ्या वेळी जमला. आत्या पुसता पुसता थांबली, वर कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी किंचित हसली. साहेब म्हणाला, हसू राहू दे, पुसताना अजून मजा येईल. हे तिच्यासमोरच. तिला वाटलं असेल फरशीबद्दल बोलतोय.

मग सगळे डबे घेऊन बाहेर गेले. सगळ्यांच्या बुटांना हिरवा चिकटा लागलेला, खोलीभर ठसे उठलेले. रिकामी फ्रेम जेवणानंतर घ्यायची ठरली.

परत आलो तर फरशी लखलखीत. ठसे नाहीत, चिकटा नाही, खिडकीचा उजेड ओल्या फरशीत पडलेला. आत्या कोपऱ्यात पोचा पिळत होती. तिचं बरोबरच होतं. घाण दिसली, पुसली. तिला काय ठाऊक की ती घाण आम्हाला हवी होती.

साहेबाला काही कळलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं की फ्रेम रिकामी आहे. तिपाईने ती घेतली. साहेबाने मला विचारलं, बरोबर आली का? हे सांगायचं काम माझं होतं. ही फरशी त्या फरशीशी जुळणार नाही हे मला आंधळ्यानेही ओळखावं इतकं स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, आली.

माझ्यातला चांगुलपणा जागा झाला असं मला इथे लिहायला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. चूक सांगितली असती तर सगळे आत्याकडे वळले असते, साहेब तिला टाकून बोलला असता, आणि मग मला मध्ये पडावं लागलं असतं. तेवढं टाळण्यासाठी मी मूग गिळून गप्प बसले.

दोन दिवसांनी मी कॉम्प्युटरवर सातवा शॉट उघडला. आत्याच्या कडेने रेघ मारली, डोक्यापासून चपलांपर्यंत, आणि तिला काढलं. आजूबाजूला मळकी, ठशांनी भरलेली फरशी. आणि मधोमध, ती उभी होती तिथे, तिच्याच आकाराची स्वच्छ, चकचकीत फरशी. खांदे कळत होते. हातातला पोचासुद्धा कळत होता. मी रंग गडद करून बघितला, कडा पुसट करून बघितल्या. ती काही जाईना. मी कॉम्प्युटर तसाच बंद केला.

त्या संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. सिनेमात तू दिसणार नाहीस, दिसतेस आणि मग पुसली जातेस, लोक हसतात, आणि ही योजना माझ्या हातची आहे. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या.

“मग आधी सांगायचंस ना,” ती म्हणाली. “मी मध्येच पुसलं नसतं. तुझं काम वाया गेलं.”

“माझ्या कामाला आग लाव, आत्या.”

“पुन्हा उभी राहते मी. त्यात काय एवढं.”

मला तिचाही राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली. मी जेवले नाही आणि तिने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी मी गटाला शॉट दाखवला. महाराणी तोंडावर हात ठेवून खिदळली, भूत दिसतंय म्हणाली. साहेब मात्र वैतागला. कुणी पुसली फरशी, अक्कल नाही का, पुन्हा घ्यावं लागणार, मावशींना उद्या बोलवा आणि या वेळी हातावर हात ठेवून बसवून ठेवा. बोलता बोलता तो टेबलावरची बिस्किटं खात होता आणि चुरा माझ्या तक्त्यावर पडत होता, त्या ‘सोपं’वर. मला त्या चुऱ्याचीसुद्धा शिसारी आली.

“ती माझी आत्या आहे,” मी म्हटलं. “मी तिच्याच घरी राहते.”

तिपाईने मान खाली घातली. साहेबाने बिस्कीट संपवलं.

“अरे, मग तर सोपंच झालं,” तो म्हणाला. “घरचंच माणूस. तूच सांग ना तिला.”

मी तक्ता उचलला, फाडला आणि बाहेर पडले. सातवा शॉट होणार नाही, हे दारातून सांगितलं. मागून तो काहीतरी गुणांबद्दल ओरडत होता.

सुट्टीची घंटा होऊन गेली होती. सगळी पोरं बाहेर, व्हरांडा गच्च भरलेला. टोकाला, बेसिनजवळ आत्या फरशी पुसत होती, इस्त्रीचा तोच एप्रन घालून. दोन वर्षं जे केलं नव्हतं ते आता सगळ्यांदेखत करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मोठ्याने हाक मारली, “आत्या.”

आठदहा जणांनी वळून बघितलं. तिने नाही.

मी जवळ गेले आणि पुन्हा हाक मारली. तिचा हात थांबला. तिने माझ्या मागे उभ्या असलेल्या पोरांकडे एकदा बघितलं, बादली भिंतीकडे सरकवून मला वाट करून दिली, आणि मान खाली घातली.

“ओलं आहे, ताई,” ती म्हणाली. “कडेने जा.”