नारळपाणी प्यायलेला रेडिओ

मी वामनरावांचा रेडिओ बोलतोय. जरा दम धरा, एकदम सुरू व्हायची मला सवय नाही. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह होते आणि ते तापल्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नसे. तोवर बातम्यांतलं पहिलं, महत्त्वाचं वाक्य होऊन गेलेलं असायचं. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या गल्लीने त्यामुळे कित्येक वर्षं देशाचं राजकारण मधूनच ऐकलं. वाद मात्र सगळे अगदी मुळापासून घालत.

वामनराव लाकडं कापायच्या एका आरा मशीनवर कारकून होते. साठ साली त्यांनी मला सायकलरिक्षातून मांडीवर घेऊन घरी आणलं. त्यांच्या बायकोने, शोभाताईंनी, माझ्या मापाचं क्रोशाचं झाकण विणलं. गल्लीत दुसरा रेडिओ नव्हता, म्हणून मी लवकरच शेफारलो. भजनं, बाजारभाव, मंत्र्यांची भाषणं सगळं माझ्या तोंडून निघे आणि हे मलाच सुचतंय असं मला वाटे. पलीकडे आरा सुरू झाला की माझ्या विद्वत्तेची खरखर व्हायची. मग वामनराव माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारत आणि मी पुन्हा शहाण्यासारखा बोलू लागे.

दर गुरुवारी सव्वासात वाजता एक कार्यक्रम लागे. त्यात जगावेगळी कामं करणारी साधी माणसं आपली गोष्ट सांगत. विहिरीत पडलेली भांडी बुडी मारून काढणारा एक जण आला होता. खडी गंमत नावाच्या तमाशात वीस वर्षं बाईचं काम करणारा एक मिशाळ पहिलवानही येऊन गेला. त्या वेळी आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे.

बासष्टच्या निवडणुकीनंतर या कार्यक्रमासाठी आमच्याच गल्लीतला माणूस निवडला गेला, नत्थू. पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून टांग्यातून गावभर ओरडणं हा त्याचा धंदा. सर्कस आली, नळाला पाणी येणार नाही, कोणाचं पोर हरवलं, सगळं नागपूरला नत्थूकडून कळे. निवडणुकीत तर दोन्ही पक्षांनी त्यालाच धरलं. सकाळी ज्याला निवडून द्या म्हणे, त्यालाच दुपारी पाडा म्हणे. टांगा तोच, घोडा तोच, फक्त झेंडा बदले. एकदा झेंडा बदलायचा राहिला तर दोन्ही पक्षांचे लोक मागे लागले. मला हे ऐकून हसू आलं, पण लगेच जिरलं. माझा धंदा काही वेगळा नव्हता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नत्थू ओट्यावर आला. एरवी गल्ली दणाणून सोडणारा हा माणूस त्या दिवशी हळूच बोलला.

"वामनरावजी, तीस वर्सं झाले, लोकायचे नावं पुकारून राहिलो. माह्यं नाव आजवर कोनी पुकारलं नाई. सारे 'ए भोंगेवाल्या' म्हन्तात. आकाशवाणीत माही गोष्ट रेकार्ड केली, तवा त्यायनं तीनदा नाव लिहून घेतलं. उद्या एकडाव ऐकाचं हाये, बस."

"ऐकशील गा! माह्या रेडिओत काय कमी हाये?" वामनराव म्हणाले.

मी फुगलो. दुसऱ्या दिवशी किती फुगलो होतो ते विचारू नका. गल्लीतला माणूस यंत्रातून बोलणार म्हणून वामनरावांनी माझी पूजाच मांडली. मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नत्थूचा भोंगाही कुंकू लावून माझ्या शेजारी ठेवला. नत्थू न्हाऊन, धुतलेला सदरा घालून पुढे बसला. त्याची बायको इंदूबाई आणि मुलगी शामला बायांमध्ये बसल्या. मला वाटलं, आपण आता देवच झालो.

आरा मशीनवर दर दसऱ्याला वामनराव नारळ फोडत आणि त्याचं पाणी आऱ्यावर शिंपडत. लोखंडाच्या पात्याने कधी तक्रार केली नव्हती. त्यांनी मलाही त्याच मापाने मोजलं. कार्यक्रमाचं संगीत वाजत असतानाच वामनरावांनी उंबऱ्याबाहेर नारळ फोडला. संगीत संपलं. "श्रोतेहो, आज आपण ऐकणार आहोत" एवढं मी म्हणालो, आणि मुहूर्त साधून वामनराव पुढे झाले. नारळाचं ओंजळभर पाणी त्यांनी भक्तिभावाने माझ्यावर ओतलं. माझे व्हॉल्व्ह तापलेले होते. फट् असा आवाज झाला आणि मी मेलो.

वामनरावांनी दोन चापट्या मारल्या, मग चार मारल्या. माझ्यातून नुसता धूर आला.

"काहून पानी टाकलं तुम्ही?" शोभाताई ओरडल्या.

दुसरा रेडिओ पार चौकातल्या हॉटेलात होता. गल्लीतले श्रीधर मास्तर तिकडे धावले, पण नाव तर सुरुवातीलाच पुकारायचं होतं. नत्थू हसायला गेला. "जाऊ द्या, वामनरावजी. मशीनच हाये ते," म्हणाला आणि सदऱ्याची गुंडी उगाच काढू-लावू लागला. मला भयंकर लाज वाटली. दोन वर्षं नको त्या माणसांची नावं मी घसा फाडून सांगितली होती आणि ज्या एका नावासाठी गल्ली जमली, तेच माझ्या घशात अडकलं.

तेवढ्यात इंदूबाई उठली. पदर सावरत माझ्याजवळ आली आणि तिने भोंगा उचलला, तोही उलटा. शामलाने तो सरळ करून दिला.

"ऐका!" इंदूबाई म्हणाली. "आज... शामलाचे बाबा..."

ती थांबली. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर बावीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आमच्या गल्लीतली कुठलीच बाई काढत नसे. म्हाताऱ्या बायांनी आधीच तोंडावर हात ठेवले होते. इंदूबाईने डोळे मिटले.

"आज आपल्यासमोर येऊन राहिले, नत्थू पांडुरंग भोयर! ऐका हो, नत्थू पांडुरंग भोयर!"

कोणी हसलं नाही. नत्थूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अजून एकडाव म्हन वं."

"आता नाई," इंदूबाई म्हणाली आणि भोंगा ठेवून बायांच्या मागे जाऊन लपली.

मग नत्थूने भोंग्याशिवाय आपली सगळी गोष्ट सांगितली. दहा मिनिटांच्या कार्यक्रमात मावली नसती इतकी सांगितली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम असा मी मेलेला असताना झाला.

श्रीधर मास्तर परतले तेव्हा पांगापांग सुरू होती. त्यांनी वामनरावांना माझ्याजवळ ओढलं आणि कुजबुजले, "सुरुवातीचं हॉटेलवाल्याले इचारलं, बाकी पुरा कार्यक्रम ऐकला गा मी. नाव घेतलंच नाई त्यायनं. 'नागपूरचे एक भोंगेवाले' म्हन्लं, बस तेवढंच."

वामनरावांनी ओट्याकडे पाहिलं. "त्याले सांगू नको," ते म्हणाले.

माझे व्हॉल्व्ह नंतर बदलले आणि मी आणखी वीस वर्षं बडबडलो. आता टीव्ही आलाय. मी अडगळीच्या फळीवर आहे आणि माझ्या पोटात शोभाताईंची लोकर असते. नत्थूजी म्हातारे झालेत, आवाज पार बसलाय. टीव्ही पाहायला आले की कोणीही भेटो, माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "त्या दिवशी हा बंद पडला, नाई तं यातून माह्यं नाव येनारच होतं."

जे कानात आलं ते तोंडातून बाहेर टाकणं एवढंच मला आयुष्यभर जमलं. पोटात ठेवलेली ही एकच गोष्ट आणि तीही आज तुमच्यापाशी बोलून बसलो. जित्याची खोड, दुसरं काय! तुम्ही तरी माझ्यासारखे होऊ नका. लकडगंजात कधी आलात आणि ओट्यावर नत्थूजी दिसले, तर त्यांना नावाने हाक मारा आणि सगळा दोष माझ्यावर ढकला.