माणिकबाईचे डोळे

राजापेठेतल्या जुन्या संगीत सभागृहात, रंगमंचाच्या कमानीवर गायक-वादकांची एक रांग चितारलेली होती. त्यातल्या एकुलत्या एका गायिकेच्या डोळ्यांत, जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्या साधनाने सोमवारी बुबुळं भरली. मंगळवारी सकाळी सभागृहाचा म्हातारा रखवालदार, मोतीराम, ते पाहून दारातच थबकला.

"हे काय करून ठेवलं, म्याडम?"

"रंग उडाला होता, काका. पुन्हा भरला."

"उडाला नोयता. थे माही माय हाय, माणिकबाई. इथंच गाये. जन्माची आंधयी होती."

साधनाने कामाआधी काढलेले फोटो मोठे करून पाहिले. रंग उडतो तिथे कडा तुटतात. डोळ्यांच्या पांढऱ्यात कुंचल्याचे फटकारे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होते; तिथे बुबुळं कधी नव्हतीच. अहवालात तिने 'रंग उडाला असावा' असं लिहिलं होतं. रसायनशास्त्र शिकलेली असूनही तिने त्या 'असावा'वर भागवलं होतं.

"चुकलंच माझं. पुसते." पाण्याने निघेल असाच रंग भरायचा, हा या कामातला नियम. "दहा मिनिटांत होईल."

"अर्धा घंटा थांबा," म्हणून मोतीराम घरी गेला.

परतला तेव्हा त्याने दाढी केली होती, धुतलेलं धोतर नेसलं होतं. खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत येऊन तो ताठ उभा राहिला.

"तिनं मले कधी पाह्यलंच नाही. हातानं तोंड चाचपे अन् म्हने, नाक बापावर गेलं. पाहू द्या तिले एक डाव."

साधना परांचीवर चढली. रांगेतले सगळे समोर पाहत होते, म्हणून तिने बुबुळंही समोर काढली होती, खालच्या पापणीपासून बरोबर चार मिलिमीटरवर. आता तिने मोजपट्टी लावली. अंतर दोनच मिलिमीटर भरलं; बुबुळं खाली, खुर्च्यांकडे सरकली होती. रंग ओघळला म्हणावं, तर कडा स्वच्छ होत्या.

खाली मोतीराम दोन खुर्च्या पलीकडे सरकला. साधनाने पुन्हा माप घेतलं नाही.

तिने कापसाचा बोळा पाण्यात बुडवला. "झालं का, काका?"

"मले काय इचारता? तिले इचारा न."

बोळ्यातलं पाणी मनगटावरून तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. उजव्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर तिचा हात तसाच थांबला होता.