डोळे मिटून पाहिलेली शहरं

बासेलच्या धक्क्याला बोट लागली की प्रवाशांचे दोन तट पडतात, असं रेगुलाचं जुनं निरीक्षण होतं. एकांना आधी स्वच्छतागृह हवं असतं, दुसऱ्यांना ख्रिसमसचा बाजार. ऱ्हाइन नदीवर आठवडाभर खाऊनपिऊन सुस्तावलेल्या या इटालियन मंडळींना आता बासेल, लुझर्न आणि बर्न दाखवायचं काम तिच्याकडे होतं. फिलोमेनाबाई मात्र कुठल्याच तटात बसेनात. साठी ओलांडलेल्या, बारक्या चणीच्या, चालताना पाऊल न वाजवणाऱ्या. कॅथेड्रलच्या चौकात बाजार ऐन रंगात होता, दालचिनीचा वास सुटला होता. घंटा सुरू झाल्या तशी सगळ्यांनी फोन वर धरले, आणि या बाईंनी डोळे मिटून घेतले. घंटा थांबल्या तेव्हा त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि गटाच्या मागून चालू लागल्या.

दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची रेगुलाला खोड होती आणि त्या खोडीची तिला मुळीच लाज नव्हती. चौकसपणा नसेल तर माणसाने सरळ बँकेत नोकरी करावी, गाइड होऊ नये, असं तिचं म्हणणं. तिने बाईंच्या थोरल्या भावाला, रोक्कोला गाठलं. तो मोहरी लावलेल्या सॉसेजवर तुटून पडला होता.

"तुमच्या बहिणीला बरं वाटत नाहीये का?"

"तिला काय धाड भरलीय? चर्च दाखवा, डोळे मिटेल. जेवण वाढा, मग बघा कसे टक्क उघडतात."

"जेवायला काही उरलं तर ना," मागून फिलोमेना म्हणाली. "अख्खा बाजार तू एकटाच फस्त करतोयस."

दुसऱ्या दिवशी लुझर्नला तोच प्रकार. सगळे लाकडी पुलाच्या छताखालची चित्रं बघत होते आणि बाई कठड्याला टेकून, डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकत होत्या. सरोवरातल्या बोटीचा भोंगा वाजला, तो ऐकूनही मान हलली. नाही. आता रेगुलाला राहवेना. तिने भाजलेल्या चेस्टनटचा गरम पुडा घेतला आणि बाईंच्या हातात ठेवला.

"सिन्योरा, रागावणार नसाल तर विचारते. काय ऐकता तुम्ही?"

"सांग, सांग," रोक्को म्हणाला. "कोंबड्याची गोष्ट सांग. त्यांनाही हसू दे जरा."

फिलोमेनाने चेस्टनट सोलायला घेतला. "माझे वडील इथे बांधकामावर होते. आई हॉटेलात चादरी धुवायची. हंगामी कामगार. तुमच्या सरकारला त्यांचे हात हवे होते, पोरं नको होती. रोक्कोला आजीकडे ठेवलं. मला आईने चोरून आणलं. सहा वर्षांची होते मी."

"मग राहायचात कुठे?"

"खोलीत. ते कामावर गेले की मी एकटी. खिडकीशी जायचं नाही, चपला घालायच्या नाहीत, खोकला आला तर तोंड उशीत. दार वाजलं की कपाटात. शहर कुठलं, तेही मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कुणापाशी तरी बोलून गेले असते ना. पुढे घरी परतल्यावर त्यांनी हा विषयच बंद केला. वडिलांनी या तिन्ही शहरांत काम केलं. आता विचारायला दोघंही नाहीत."

"आणि कोंबडा?"

"आरवायचा. दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने. आवाज बसका, सर्दी झाल्यासारखा."

"भर शहरात कोंबडा!" रोक्कोने रेगुलाकडे बघून डोळा मारला. "आईसुद्धा म्हणायची, पोरीला स्वप्न पडलं असेल."

"ते स्वप्न असेल तर कपाटही स्वप्नच म्हणायचं," फिलोमेना म्हणाली. "मी तिथे होते की नव्हते, एवढंच मला कळायला हवंय, सिन्योरा. बाकी तुमची चर्च छान आहेत."

बसक्या आवाजाचा कोंबडा या देशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. लाजही वाटली तिला. या लपवलेल्या मुलांबद्दल तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं, हळहळली होती आणि पान उलटलं होतं. पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तिने सांगितलं असतं तर ते तिचं सांगणं झालं असतं, आणि रोक्कोने तेही हसण्यावारी नेलं असतं. कान बाईंचे होते, ओळख त्यांनाच पटायला हवी होती.

बर्नला जाताना बसमध्ये घंटाघराची माहिती द्यायची असते. ती रेगुलाला झोपेतही म्हणता आली असती. त्या दिवशी तिने चीजबद्दल इतकं सांगितलं की मागच्या रांगेतले दोघे घोरू लागले. बर्नला उतरल्यावर मात्र तिने बाजाराकडे पळू पाहणाऱ्यांना हाकारत तासाच्या थोडं आधी घंटाघराखाली आणून उभं केलं.

"यात काय बघायचंय?" रोक्को कुरकुरला. "घड्याळ माझ्या मनगटावरही आहे."

"थांबा जरा," रेगुला म्हणाली. फिलोमेनाने सवयीने डोळे मिटले होते.

वर घड्याळाशेजारचा यांत्रिक कोंबडा आरवला. बसका, घसा धरल्यासारखा.

फिलोमेनाची मान हलली नाही. हात तेवढा उठला आणि स्वतःच्याच तोंडावर घट्ट बसला. मग बोटांच्या फटीतून ती म्हणाली, "आता बारक्या घंटा वाजतील."

वरच्या लाकडी विदूषकाने बारक्या घंटा वाजवल्या. रोक्कोने एकदा वर पाहिलं, एकदा बहिणीकडे. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"आणि परत तो," ती म्हणाली. कोंबडा परत आरवला.

"फिलोमेना," रोक्को म्हणाला. "खरंच होतीस तू इथे."

"मला वाटायचं, त्यालाही कुणीतरी लपवलंय," ती म्हणाली. "कुणाच्या तरी कपाटात. आणि वेडा खुशाल ओरडतोय. पोलिसांनी ऐकलं तर घेऊन जातील त्याला. मी उशीत तोंड खुपसून त्याला सांगायचे, गप्प बस, गप्प बस रे."

रोक्कोने टोपी काढून हातात घेतली. समोरच्या कमानींवर खिडक्यांची रांग होती. त्यातली एकेक खिडकी तो बघत राहिला.

"तुला नेलं आणि मला टाकलं, एवढंच मला कळायचं," तो म्हणाला. "वाटायचं, तू तिकडे चॉकलेटं खातेयस. तुझा कोंबडा खोटा निघावा असंच मला वाटायचं गं."

तासाचे ठोके पडले आणि कोंबडा तिसऱ्यांदा आरवला. आता फिलोमेनाने डोळे उघडले. घड्याळाच्या बाजूला तो बसला होता, रंगवलेला, कुणाच्याही तावडीत न सापडलेला. ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तोंडावरचा हात तिने खाली घेतला, मान मागे टाकली आणि त्या रस्त्याच्या मधोमध ती आरवली.

फोन खाली आले. पिशव्या घेऊन चाललेली माणसं थांबली. बर्नमध्ये रस्त्यात कुणी एवढा आवाज करत नाही. फिलोमेना दचकली आणि तिने भावाकडे पाहिलं. रोक्कोने आजूबाजूच्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"अजून मोठ्याने," तो म्हणाला.