शेवटच्या रिळाकडे पाठ

"सापडला," असं म्हणून मुलीने रिमोट आईच्या हातात दिला आणि ती चपला शोधू लागली. "तोच ना, दोन बहिणींचा? आता बघ निवांत, अगदी शेवटपर्यंत. बाबा, तुम्हीपण बसा हिच्याजवळ."

ऑपरेटर टेबलावर पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसला होता. त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी थांबला. थिएटर बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, तिथे आता गाद्यांचं गोदाम होतं, तरी गल्लीतली माणसं त्याला ऑपरेटरच म्हणत. सिनेमाचं नाव काढलं की हा माणूस खुलतो, असा सगळ्यांचा अनुभव होता. आज मात्र त्याने चेहरा पाडून सांगितलं, की त्या सिनेमात काही राम नाही, प्रिंट तेव्हाच खराब होती आणि पडद्यावर नुसत्या रेघा यायच्या.

मुलगी हसली. आता रेघाबिघा काही नाहीत, सगळं धुऊन-पुसून लख्ख करून ठेवलंय म्हणाली. मग त्याने सिनेमाची लांबी काढली: पावणेतीन तास, आईची पाठ दुखेल. यावर बायकोने उशी पाठीमागे सरकवली.

"दुखू दे. मला आता कुठे ड्यूटीवर जायचंय?"

नेमकी हीच गोष्ट त्याला नको होती.

सत्तावीस वर्षं ती रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती, बहुतेक वेळा संध्याकाळच्या पाळीला. तो थिएटरच्या केबिनमध्ये, ती एक्स्चेंजच्या बोर्डावर. घरात दोन ऑपरेटर आणि दोघांनाही लोकांचं बोलणं अर्धवट ऐकायची सवय, असं ती पाहुण्यांना सांगायची. दर गुरुवारी ती तीनचा खेळ बघायला यायची. मागच्या ओळीतली, बाजूच्या दाराला लागून असलेली खुर्ची डोअरकीपर तिच्यासाठी राखून ठेवायचा. पाळी सहाला सुरू व्हायची, म्हणून साडेपाचला तिला उठावं लागे. ती दार उघडायची तेव्हा बाहेरच्या उन्हाची एक पट्टी हॉलभर पसरायची आणि प्रेक्षक चडफडायचे. वर केबिनच्या चौकोनी झरोक्यातून ती पट्टी दिसली की ऑपरेटर मनात म्हणायचा, गेली.

म्हणजे सिनेमाचा शेवट तिने कधी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तो सांगायचा आणि ती ऐकायची.

आता यात एक अडचण होती. शेवट त्यानेही पाहिलेला नसे.

बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. दिवसाला चार खेळ करणाऱ्याला सिनेमा पाठ असेल असंच कुणालाही वाटेल. पण केबिनमध्ये दोन मशीन असत. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला क्षणभर एक ठिपका येई. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, सात सेकंदांनी दुसरा ठिपका येई, त्याला पायाने पॅडल दाबून पडदा त्या मशीनवर घ्यायचा. त्यामुळे त्याची नजर कायम त्या कोपऱ्यावर. नायिका मध्यभागी रडत असली तरी याला दिसायचं ते तिच्यामागचं कपाट. आणि शेवटच्या रिळाला तर कोपऱ्याचीही गरज नसे. पुढे रीळच नाही तर ठिपका कशाचा? तेवढ्या वेळात आधीचं रीळ उलटं गुंडाळायचं, डबे भरायचे आणि रिकाम्या मशीनवर पुढच्या खेळाचं पहिलं रीळ चढवायचं. गुंडाळायचं टेबल मागच्या भिंतीला होतं. म्हणजे पडद्याकडे पाठ. मशीनच्या खडखडाटात संवादही धड कळत नसत. 'समाप्त' ही अक्षरं त्याने हजारो वेळा पाहिली होती. ती कशानंतर आली, ते नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी तिने विचारलं, मग काय झालं हो शेवटी? नव्या बायकोसमोर 'माहीत नाही' म्हणायची त्याला लाज वाटली. त्याने सांगून टाकलं, की वकील कोर्टात साक्ष फिरवतो आणि म्हातारा सुटतो. तिचा चेहरा असा उजळला, की पुढच्या शुक्रवारी त्याने जरा रंगवून सांगितलं. मनात आणलं असतं तर आठवड्यातल्या अठ्ठावीस खेळांत एकदा तरी मान वळवून बघता आलं असतं. त्याने आणलं नाही. उलट शेवटच्या रिळाला तो मुद्दाम पाठ करून उभा राहू लागला. पाहून वेगळं सांगितलं तर ते खोटं. पाहिलंच नाही तर त्याला खोटं कसं म्हणायचं, असं त्याचं तर्कशास्त्र होतं. ते कच्चं आहे हे त्यालाही कळत होतं.

मुलगी निघून गेली. सिनेमा सुरू झाला.

रेग्युलेटर जोडून झाला तसा तो येऊन बायकोशेजारी बसला. चित्र खरोखरच लख्ख होतं. पण धुणाऱ्यांनी एक गोष्ट तशीच ठेवली होती. अठरा-एकोणीस मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला आणि त्याचा पाय आपोआप ताठ झाला. सात सेकंदांनी दुसरा. एक गेलं, असं तो मनात म्हणाला. हा सिनेमा नऊ रिळांचा, हे त्याला पक्कं आठवत होतं. डबे त्यानेच उचलले होते.

बायको सिनेमात बुडाली होती. मोठी बहीण आली की ती "आता बघा हं, ही काय बोलते" म्हणायची आणि तसंच व्हायचं. सव्वीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेला सिनेमा तिला शब्दन् शब्द आठवत होता, आणि त्याला कारणही होतं.

त्या वेळी तिचं आणि तिच्या ताईचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आई गेल्यावर शिवणयंत्र कुणी न्यायचं यावरून बिनसलं होतं. यंत्र ताईने नेलं, आणि हिने ताईचं नाव टाकलं. घरात तो विषय काढायची सोय नव्हती. मग तो सिनेमा लागला. त्यातही दोन बहिणी, त्यातही अबोला. साडेपाचला ती उठली तेव्हा धाकटी बहीण मोठीच्या गावी जायला निघाली होती. शुक्रवारी सकाळी तिने रोजच्यासारखं विचारलं नाही. कप हातात धरून नुसती बसली. त्याने आपणहूनच सांगितलं: धाकटी दारापाशी जाते, थोडा वेळ घुटमळते, मग कडी वाजवते. आतून मोठीचा आवाज येतो, दार उघडंच आहे. समाप्त.

रविवारी सकाळच्या बसने ती ताईकडे गेली. दुपारी परतली ती सुजलेल्या डोळ्यांनी आणि हातात ताईने तान्ह्या मुलीसाठी शिवून दिलेला झबल्यांचा गठ्ठा घेऊन. ताई त्यानंतर तीन वर्षं जगली. शेवटचे दोन महिने तर हिनेच तिचं सगळं केलं, रजा टाकून. "तो सिनेमा लागला नसता तर?" असं ती पुढे कितीदा तरी म्हणाली. तो मान हलवायचा आणि दुसरं काहीतरी बोलायचा.

सातवा ठिपका गेला. आठवा गेला. आता ठिपका येणार नव्हता.

त्याला उठावंसं वाटलं. गॅस बघून येतो असं म्हणता आलं असतं. पण तिने पडद्यावरची नजर न काढता त्याच्या मनगटावर हात ठेवला होता, शेवट येतोय म्हणून. तो बसून राहिला. धाकटी गाडीतून उतरली. गावाचा रस्ता, झाडं, एक सायकलवाला. मोठीचं घर आलं. धाकटी पायरी चढली, घुटमळली. बायकोची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट झाली. धाकटीने कडीकडे हात नेला. आतून भांड्यांचा आवाज आला. धाकटीचा हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला. ती वळली आणि आल्या रस्त्याने चालू लागली. दार बंदच होतं. त्यावर अक्षरं उमटली.

बायकोने हात काढून घेतला आणि रिमोट उचलून मागे-पुढे करून पाहिलं. पुन्हा तेच.

"शेवट कापलाय मेल्यांनी," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचात ना, वेळ वाचवायला प्रिंट कापतात म्हणून. नेमकं कडी वाजवते तेवढंच कापलंय बघा."

सुटायची वाट तिनेच करून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने संध्याकाळी मुलीला फोन करून टीव्हीवाल्यांच्या नावाने बोटं मोडली असती आणि विषय संपला असता. त्याने 'हो' म्हणायला तोंडही उघडलं. पण आयुष्यात एकही रीळ त्याने कधी कापलं नव्हतं. दुसऱ्या कुणी कापलं असेल तर त्याला सांध्यावरून हाताला कळायचं. इथे चित्र कुठेच उडालं नव्हतं, म्हणजे सांधा नव्हता.

"कापलेलं नाही," तो म्हणाला. "सिनेमा एवढाच आहे."

"पण तुम्हीच तर सांगितलंत, ती कडी वाजवते."

"सांगितलं. पाहिलं नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. गुंडाळायचं टेबल, मागची भिंत, डबे, पाठ. पहिल्या शुक्रवारचा म्हातारा आणि वकीलही सांगितला. सांगताना तो हाताने टेबल इकडे, मशीन तिकडे असं दाखवत होता, आणि आपण केबिनचं वर्णन गरजेपेक्षा जास्त करतोय हेही त्याला कळत होतं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. एक्स्चेंजवर असताना समोरचा माणूस घाईघाईने बोलत असला की ती अशीच गप्प राहून सगळं ऐकून घ्यायची.

"म्हणजे मी ताईकडे कुणाच्या सांगण्यावरून गेले?" तिने विचारलं.

"माझ्या."

"तुम्ही मुद्दाम सांगितलंत तसं? मी जावं म्हणून?"

हा प्रश्न त्याने स्वतःला अनेकदा विचारला होता. हो म्हटलं असतं तर तो शहाणा ठरला असता, नाही म्हटलं असतं तर निर्दोष. ती सकाळ त्याने पुन्हा नीट डोळ्यांसमोर आणली: तिच्या हातातला कप, तिचं न विचारणं. त्यापलीकडे काही दिसेना.

"आठवत नाही," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही."

तिने पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिली. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं म्हणाली, की बोर्डावर शेजारी बसायची त्या बाईशी आपण याच सिनेमाच्या शेवटावरून महिनाभर भांडलो होतो. ती बिचारी सांगत होती, अगं मी डोळ्यांनी बघून आलेय. "आणि मी तिला म्हणाले, आमच्या घरात खुद्द ऑपरेटर आहे, तू मला शिकवू नकोस. पुढे तिने मला सिनेमाचं काही सांगायचंच सोडलं." हे सांगताना ती हसली की काय, ते त्याला नीट कळलं नाही.

"तो घोडागाडीवाला?" तिने विचारलं. "गाडी विकत नाही तो?"

"तोही."

"आणि नर्सचा? ती परदेशी जात नाही, बोटीवरून उतरते?"

"तोही मीच."

"ती जुळी मुलं?"

"तीपण."

ती विचारत गेली आणि तो उत्तरं देत गेला. काही सिनेमे त्याला आठवतही नव्हते, तरी तो 'तोही' म्हणाला, कारण दुसरं काही असणं शक्य नव्हतं. खोलीतलं ऊन भिंतीवरून वर सरकलं. तिच्या आवाजात राग होता का, हे तो प्रत्येक नावागणिक कान देऊन पाहत होता. राग असला तरी तो प्रश्नात नव्हता. कपाटातल्या वस्तू एकेक करून बाहेर काढून ठेवाव्यात, तशी ती विचारत होती.

मग ती थांबली. पुढचं विचारताना तिने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आणि तो आंधळा मुलगा? डोळ्यांची पट्टी सोडतात तो. तुम्ही सांगितलं होतंत, आईला बरं वाटावं म्हणून तो दिसतंय म्हणतो आणि मग दिवा घ्यायला भलतीकडेच हात करतो. त्या दिवशी मला काही सुचलं नव्हतं. बोर्डावर तीन फोन चुकीचे जोडले मी. तोही तुमचाच असेल ना? म्हणजे त्याला दिसलं असेल खरं तर."

तो सिनेमा त्याला पक्का आठवत होता. शेवटचं रीळ दोनदा तुटलं होतं. सांधा पुन्हा सुटेल म्हणून तो वीस मिनिटं मशीनला हात लावून उभा होता आणि करायला दुसरं काही नसल्यामुळे झरोक्यातून बघत होता.

ती उत्तराची वाट पाहत होती. एवढा वेळ जो शब्द तो म्हणत आला होता, तोच आणखी एकदा म्हणायचा होता.

"नाही," तो म्हणाला. "तेवढा एक मी पाहिला होता. पूर्ण."

तिने हळूच मान हलवली.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "तो एकच तुम्ही चार वाक्यांत संपवला होतात."

टीव्हीने आपणहून पुढच्या सिनेमाची उलटी मोजणी सुरू केली होती. तिने तो बंद केला, आणि तिला उठायला मदत हवी का हे त्याने विचारलं. ती म्हणाली, "बसा जरा." तो बसला.