न पुसलेले डाग

मी एक जुना शिरटोप आहे, तुम्ही ज्याला हेल्मेट म्हणता तो. रंग उडालाय, तोंडावरची जाळी वाकलीय, तरी मित्रांनो, नाक मुरडू नका. नऊ वर्षं मी लवेल टूमरच्या डोक्यावर मिरवलो. एरी सरोवराकाठी आमचा हॅमर्स नावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता, तिथे लवेलला चुकवून पळालेला गडी दाखवा म्हटलं, तर लोक डोकं खाजवत बसायचे.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. संघाचं सामान सांभाळणाऱ्या स्टॅन विझोकीने, म्हणजे सगळ्यांच्या पॉपने, माझ्या दोन्ही कानशिलांवर संघाची खूण, निळ्या हातोड्याचं चित्र, चिकटवलं आणि मला लवेलच्या हाती दिलं. लवेलचं काम चेंडू घेऊन धावायचं नव्हतं, धावणाऱ्याला आडवं करायचं होतं. टाळ्या बहुतेकदा धावणाऱ्यालाच मिळत. लवेलचं त्यावाचून काही अडलं नाही. बर्फ असो नाहीतर ऊन, सकाळी सहाला तो सरावाला हजर.

आमच्या बचावफळीची एक रीत होती. धडकेत समोरच्याच्या टोपाचा रंग आपल्या टोपाला लागला, की तो पुसायचा नाही. नारिंगी, हिरवा, जांभळा. एकेक डाग म्हणजे एकेक अडवलेला गडी. पॉप दर शनिवारी बाकीचे टोप घासून लखलखीत करी, पण मला हात लावायची त्याला बंदी होती.

"अरे, त्याला एकदा आंघोळ तरी घालू दे," पॉप म्हणे.

"माझी सगळी कमाई आहे ती, पॉप. फडकं लावलंस तर बघ," लवेल हसत म्हणे.

खरं सांगतो, मी फुलून जायचो.

नवव्या वर्षी, माझ्या कपाळावरच्या त्या जाड डागांखाली तडा गेला. मला पुसत असते, तर तो पहिल्याच दिवशी दिसला असता. लवेलच्या नखाला तो लागला शुक्रवारी. रविवारी त्याचा शेवटचा सामना होता, मग तो खेळ सोडणार होता. त्याने हळूच तसंच एक हातोड्याचं चित्र आणलं आणि तड्यावर चिकटवून टाकलं. मी घाबरलो. माझं काय व्हायचं ते होवो, पण आत त्याचं डोकं असणार होतं.

सामन्याआधी पॉपने मला उचललं.

"हा तिसरा हातोडा कुठून उगवला रे?" म्हणत त्याने मला दोन्ही तळहातांत दाबलं. तडा त्याला ऐकू यावा म्हणून जेवढं जमेल तेवढं मी कुरकुरलो.

"एकच सामना, पॉप. याच्यातच सुरुवात केली, याच्यातच संपवू दे."

"आणि रेनेटाला मी काय सांगू? तुझ्या नवऱ्याचे डाग जपले, नवरा तेवढा घालवला?"

"माझ्या बायकोचं मी बघेन."

"काय बघशील, कपाळ? उद्या तुला तिचं नाव तरी आठवेल का?"

लवेलने मला पॉपच्या हातातून काढून घेतलं. मग त्याने मला फळीवर ठेवलं आणि नवा टोप घातला. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू?

पॉपच्या सामानाच्या खोलीतल्या टीव्हीवर मी शेवटचं मिनिट पाहिलं. समोरच्यांना जिंकायला आमच्या टोकाची रेषा गाठायची होती, फक्त तीन यार्डांवर. त्यांचा धिप्पाड गडी थेट लवेलवर आला. लवेल जागचा हलला नाही. टोपावर टोप असा आदळला, की मी असतो तर अंड्यासारखा फुटलो असतो. गडी आडवा झाला, आम्ही जिंकलो.

लवेल आपल्या पायांनी चालत आत आला.

"स्टॅन विझोकी. नाव आठवतंय, बघून घे," तो म्हणाला.

नव्या टोपाच्या कपाळावर लालभडक डाग होता. सवयीने पॉपने हात पाठीमागे घेतले. लवेलने स्वतः फडकं ओलं केलं आणि डाग पुसून काढला. खाली टोप धड होता.

आता मी टूमरांच्या घरी असतो. रेनेटाने माझे डाग कधीच घासून टाकले. पाहुणे आले, की लवेल त्यांना माझा तडा दाखवतो.

मित्रांनो, पराक्रमाच्या खुणा खुशाल मिरवा, पण अधूनमधून त्या पुसून खाली बघत जा. माझ्यासारखे टोप पॉपच्या खोलीत साठ तरी होते. लवेल एकच होता.