वेगाचा स्क्रू

फिटरच्या घरी कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिचं पुस्तक वाचलं जायचं, मग वस्तूला हात लागायचा. पंखा असो, इस्त्री असो, ‘हे यंत्र पाण्यात बुडवू नये’ इथपर्यंत तो मन लावून वाचायचा. बायको म्हणायची, माझ्याबरोबर पण एखादं पुस्तक आलं असतं तर तुम्हाला संसार सोपा गेला असता. कारखान्यात त्याची उभी हयात यंत्रं खोलण्यात आणि जोडण्यात गेली होती, आणि त्याने जोडलेलं यंत्र पुन्हा रडत नाही, एवढं त्याच्या वाईटावर असलेली माणसंही कबूल करायची.

आता बायको काहीच म्हणत नव्हती. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात तिचा आवाज गेला, कायमचा. जीव वाचला हेच खूप, असं येणारे-जाणारे सांगायचे आणि फिटर मान डोलवायचा. ती ओठ हलवायची, तो ओठांकडे बघून समजून घ्यायचा; फारच अडलं तर ती पाटीवर लिहायची. रात्रंदिवस बडबडणाऱ्या बाईचं घर इतकं गप्प झालं की त्याला घरी थांबवेना आणि बाहेरही करमेना.

तिचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता. तरुणपणी तो कामासाठी परमुलखात होता तेव्हा तिने घरच्या टेपडेकवर एक कॅसेट भरून त्याला पाठवली होती. बाकी कुठे म्हणून तो सापडत नव्हता. कॅमेरा किंवा फोन समोर धरला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. आणि तो टेपडेक माळ्यावर बंद पडून होता.

टेपडेकबरोबर आलेलं पुस्तक फिटरने अर्थातच जपून ठेवलं होतं. त्यात बिघाडाच्या पानावर ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा’ एवढं एकच वाक्य होतं, आणि ते केंद्र बंद होऊनही जमाना झाला होता. मग दूर राहणाऱ्या लेकीने इंटरनेट धुंडाळून सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं, मेकॅनिकसाठीचं, आतल्या स्क्रूनस्क्रूचं चित्र असलेलं. फिटरने ते छापून, शिवून घेतलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तजेला दिसला.

बिघाड तसा किरकोळ निघाला. मोटरवरचा रबरी बेल्ट विरघळून त्याचा डांबरासारखा लगदा झाला होता. त्याने सगळं पुसून काढलं, नवा बेल्ट चढवला, कॅसेट घातली.

“ऐकू येतंय ना? लाल दिवा लागलाय, म्हणजे चालू असेल,” बायको म्हणाली. टेपमधली. मग नळ गळतोय, घरमालक दाद देत नाही, लेकीचा दात पडलाय आणि तिने तो हरवलाय, असं काय काय. खरी बायको दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. फिटर रडला, आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही.

तिथेच थांबला असता तर! तिने हाताने ‘पुरे’ अशी खूण केलीसुद्धा. पण मॅन्युअलमध्ये पुढचं पान होतं: बेल्ट बदलल्यावर मोटरचा वेग तपासावा. अर्धवट काम त्याने जन्मात कधी सोडलं नव्हतं. एकसारखी शिट्टी भरलेली तपासणीची कॅसेट त्याने मागवून ठेवलीच होती. ती लावली, मीटर जोडला आणि मोटरच्या मागच्या भोकातला वेगाचा बारीक स्क्रू फिरवत आकडा पुस्तकाबरहुकूम आणला. सुरुवातीला आकडा किती होता? कोण बघतो. बघायचं असतं ते कुठे पोचायचंय ते.

मग त्याने तिची कॅसेट पुन्हा लावली. टेपमधून कुणीतरी बाई जड, झोपाळू आवाजात बोलू लागली.

 फिटरला कारण लगेच कळलं. तो टेपडेक पहिल्यापासून थोडा जोरात पळत होता आणि कॅसेट त्याच चुकीच्या वेगात भरली होती; पुस्तकातल्या वेगाला ती हळू वाजत होती. तिचा आवाज त्या चुकीतच खरा होता. कुठलाही स्क्रू हलवण्याआधी त्याच्या जागेची खूण ओरखडून ठेवायची, हे त्याने कारखान्यात पोरांच्या पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. इथे मात्र पुस्तकात लिहिलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतः ती केली नाही.

तो स्क्रू उलटा फिरवू लागला. थोडा पुढे नेला तर आवाज चिरका झाला. थोडा मागे घेतला तर तिच्या थोरल्या बहिणीसारखा. मध्ये कुठेतरी ती होती. पण मधली प्रत्येक जागा ऐकताना ‘हीच’ वाटायची आणि पुढची ऐकली की मागची परकी व्हायची. दुपार अशीच गेली. शेवटी त्याने बायकोलाच विचारलं, “हा का गं तुझा आवाज?”

तिने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘मला काय माहीत? मी बाहेरून कधी ऐकलाय?’

मग लेकीला फोन लावून टेप ऐकवली. “हो बाबा, हाच,” म्हणताना ती हुंदके देऊ लागली. फिटरने स्क्रू जरासा हलवला आणि पुन्हा ऐकवलं.  लेक हळूच म्हणाली, “हापण तसाच वाटतोय. बाबा, मला आता काही कळत नाहीये.”

बायकोने पुढे होऊन टेपडेकचं बटण बंद केलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले. अहो, राहू द्या आता, असं ती म्हणत होती. त्याला शब्द न् शब्द समजला. पण वर्षभर ती असे ओठ हलवायची तेव्हा त्याच्या डोक्यात तिचा आवाज आपोआप उमटायचा, हे त्याला आत्ता कळलं. कारण आता नुसते ओठ हलत होते.

“परत म्हण,” तो म्हणाला.

तिने परत म्हटलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.