एक जखमी पाहिजे

खाज्याच्या दुकानापुढे बाबली घसरून पडला, तशी शिट्टी वाजली आणि चार स्काउट स्ट्रेचर घेऊन धावले. दोन बांबू आणि मधे ताणलेलं कांबळं पाहताच बाबली ताडकन उठला.

"मेल्यांनु, जित्या माणसाक तिरडीर घालतास?"

आणि पळत सुटला. दुकानातली हौसाबाई पोट धरून हसली. सुभद्रेला मात्र हसू आलं नाही. त्या चौघांतला पुढचा मुलगा, गुरुदास, तिचा होता.

जत्रेतला प्रथमोपचाराचा तंबू सकाळपासून रिकामा होता. महिनाभर गुरुदास घरात बँडेज बांधायला शिकत होता. खाटेचा एकही पाय धडधाकट राहिला नव्हता.

"कोणच पडना नाय, गुरुजी," तो रडवेला होऊन म्हणाला.

"पडतील रे," दत्ताराम गुरुजी म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "दिवस मावळेपर्यंत बघू. मग तंबू आवरायचा."

सुभद्रा बेळगावला राहून बी.ए. झालेली; पण मुलाला साधी ठेच लागली तरी ती घर डोक्यावर घ्यायची. आज ती त्याच्यावर नजर ठेवायलाच आली होती. आता समोरून काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्याकडे आपण आशेनं बघतोय, हे ध्यानात येऊन तिची तिलाच लाज वाटली. म्हातारा सुखरूप पुढे गेला.

तिनं पदर खोचला, इकडेतिकडे पाहिलं आणि देवळाच्या पायरीवर बसकण मारली.

"आई गं! पाय!"

शिट्टी वाजली. स्ट्रेचरवर आडवं होताना तिरडीच्या विचारानं तिनं डोळे मिटले खरे, पण लगेच उघडले.

"हळू रे! पुढे दगड आहे. गुरुदास, खाली बघून चाल!"

सुनेला तशी येताना बघून सासूबाई, माई, धावत आल्या.

"अगो, भरल्या जत्रेत ह्याच्यार कित्याक चढलंस?" मग पाय चाचपून म्हणाल्या, "बाय माझे, केदो सुजलो हा!"

गुरुदासनं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज बांधलं. ते बघायला गर्दी जमली. थोड्या वेळानं बाबलीही खरचटलेलं कोपर पुढे करून उभा राहिला.

बत्त्या लागता लागता सगळे घरी निघाले. पुढे माई, मागे लंगडत सुभद्रा, तिच्या मागे तिची चप्पल घेऊन गुरुदास.

"आई," तो हळूच म्हणाला.

"काय रे?"

"बँडेज डाव्या पायाक आसा. तू उजव्यान लंगडतंस."

सुभद्रा थबकली. माई मागे वळायच्या आत तिनं पाय बदलला. गुरुदासनं पुढे होऊन, गुरुजींनी शिकवलं होतं तसा, तिला खांदा दिला.